ओटे तोडण्याचा हुकूम

नववीचे निबंध तपासायला बसलं की जयमाला मॅडमना भूक लागायची. कंटाळा आला की लागते तशी. विषय 'माझे गाव', आणि वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांमध्ये गावाच्या कडेनं झुळझुळ वाहणारी नदी. वरवट बकालची नदी संक्रांतीपर्यंत नुसती गोट्यांची होते, हे पोरांना ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या कोरड्या पात्रात स्टंप रोवून क्रिकेट खेळणारे तेच होते. पण निबंधात नदी वाहिलीच पाहिजे, कारण गाईडातली नदी वाहते.

"अरे, ही नदी कुठली रे?" मॅडमनी एकदा राजकुमारला विचारलं. राजकुमार म्हणजे मागच्या बाकावरचा लांबलचक पोरगा. गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून कायम तिरपा बसणारा.

"निबंधातली हाये, मॅडम," त्यानं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

 मॅडम हसल्या आणि पुढची वही उघडली. तिथेही नदी वाहतच होती.

जयमाला मॅडम मूळच्या मलकापूरच्या. वडील एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते आणि स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या पुकारायचे. पुकारणारे पुष्कळ असतात, पण यांची तऱ्हा निराळी. बुलढाण्याची गाडी वेळेवर लागली की घरात लग्न ठरल्यासारखा त्यांचा आवाज फुलायचा. तीच गाडी रद्द झाली की असा काही खाली यायचा की चौकशीच्या खिडकीवर भांडायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतच थांबायचा आणि बाकावर बसलेल्या बाईला म्हणायचा, "जाऊ द्या माय, होते असं." लहानपणी शाळा सुटली की जयमाला त्या खोलीत स्टुलावर बसून हे सगळं ऐकायची. पुढे तिचाही आवाज तसाच झाला. बी.एड. झालं, वरवट बकालच्या हायस्कुलात नोकरी लागली, लग्न होऊन तिथेच घर झालं. नवरा ज्ञानेश्वर चौकातल्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. त्यामुळे घरात एका कोपऱ्यात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि दुसऱ्या कोपऱ्यात वह्यांचे गठ्ठे, आणि दोन्ही सरकत सरकत मधोमध एकमेकांना भेटलेले.

"तुह्या पोरायची नदी आटली का नाई?" ज्ञानेश्वर रोज जेवताना विचारायचा.

"पूर आला आहे," मॅडम म्हणायच्या.

त्या जानेवारीत मॅडमनी ठरवलं, की निबंध बंद. महिनाभर फक्त गोष्ट. आणि गोष्टही गोड नाही, भीतीची. गोष्टीत जागा कशी उभी करायची, वातावरण कसं आणायचं, आणि नेमका शब्द कसा शोधायचा, एवढं पोरांना आलं तरी पुरे.

"आजच्या साध्या गोष्टीचं बोट धरून उद्या किती वाईट होऊ शकतो, ते दाखवणारी ही गोष्ट," त्यांनी वर्गात सांगितलं. "हिच्यात भूत नाही, राक्षस नाही. सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं. इंग्रजीत याला डिस्टोपिया म्हणतात."

"आपल्या भाषेत काय म्हणतेत, मॅडम?" छकुलीनं विचारलं. छकुली पहिल्या बाकावरची. तिला प्रत्येक गोष्टीचं नाव लागायचं.

मॅडमनी फळ्यावर 'दुःस्वप्नकथा' असं लिहिलं. वर्गाला ते काही पटलं नाही. मागून राजकुमार म्हणाला, "बेकार उद्या." मतं घेतली. दुःस्वप्नकथेला मॅडमचं एकटीचं मत पडलं.

मग त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि सुरू केलं. "सपाटगाव नावाचं एक गाव होतं. म्हणजे होईल. तुमची नातवंडं म्हातारी होतील तेव्हा. त्या गावात एक नवीन खातं आलं, सपाटीकरण खातं. त्याचं म्हणणं एवढंच, की कुठे काही वर आलेलं नको आणि कुठे काही खाली गेलेलं नको. सगळं एका पातळीत असलं की मोजायला बरं. खात्यातली माणसं वाईट नव्हती हं. गोड बोलायची, घरोघरी पेढे द्यायची. एक दिवस त्यांनी गावातले ओटे मोजायला घेतले. आणि तिथे घोटाळा झाला. ओटा घरात धरायचा की रस्त्यात? त्यावर बसलेला माणूस घरी आहे की बाहेर? त्यांच्या कागदात काही बसेना. तेव्हा साहेब म्हणाले, जे कागदात बसत नाही त्याला गावात बसायचं कारण नाही. तोडा."

वर्गात चुळबुळ थांबली होती.

"पुढं?" छकुली म्हणाली.

"पुढचं पुढे. आधी मला सांगा, ओटा कसा असतो?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ओटा म्हणजे ओटा. त्यात काय सांगायचं? मग मॅडमनी अख्खा वर्ग उठवला आणि शाळेसमोरच्या गल्लीत नेला. जा, बघा आणि सांगा. पहिल्यांदा पोरं नुसतीच खिदळली. मग एकाला दिसलं, की किराणा दुकानाच्या ओट्याचा एकच कोपरा गुळगुळीत आहे, कारण रोज तिथेच पाठी टेकतात. एका ओट्यात उखळ पुरलेलं होतं. त्यात आता कुत्र्यासाठी पाणी. छकुलीला तर आपल्याच घराच्या ओट्यावर, लाल शेवाळलेल्या फरशीवर, कुणीतरी खिळ्यानं कोरलेला नवकंकरीच्या खेळाचा पट सापडला.

"रोज याच्यावर बसतो मी," ती म्हणाली, "अन् दिसला नाई."

"याला म्हणतात जागा उभी करणं," मॅडम म्हणाल्या. "आता सपाटगावच्या ओट्यावर हा पट काढ. मग तो ओटा तुटला की वाचणाऱ्याला लागेल."

दुसऱ्या दिवशी वातावरण. मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'आज डब्यात भेंडी आहे', आणि सांगितलं, की शब्द एकही बदलायचा नाही, पण ऐकणाऱ्याला कधी आनंद झाला पाहिजे, कधी भीती वाटली पाहिजे. आधी त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. वडिलांच्या भोंग्यातला रद्द झालेल्या गाडीचा आवाज त्यांनी त्या भेंडीला लावला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या पोरीनं खरंच दप्तरातला डबा चाचपून पाहिला. मग राजकुमार उभा राहिला. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग घसा अगदी खाली नेऊन, थांबत थांबत म्हणाला, "आज... डब्यात... भेंडी आहे." वर्गात किंचाळी उठली. शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापक प्रेमानंद सर धावत आले.

प्रेमानंद सर गणिताचे. उंचनिंच, इस्त्रीचे, बोलणं मोजकं. "काय झालं?"

"भेंडी, सर," राजकुमार म्हणाला.

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पदर तोंडाला लावला होता. सर आले तसे परत गेले.

तो तास इतका रंगला की मॅडमनी उत्साहात घरपाठ देऊन टाकला. "घरी जाऊन गोष्टीतलं एकच वाक्य कुणाला तरी सांगायचं. असं सांगायचं, की ऐकणाऱ्याचा हात चालता चालता थांबला पाहिजे. हात थांबला तर वातावरण जमलं."

सगळा घोळ या घरपाठानं केला.

छकुलीच्या घरी तिच्या बापाच्या मोठ्या भावाची बायको, झुंबरबाई, संध्याकाळी ओट्यावर तूर पाखडत बसायची. छकुली तिला मोठी माय म्हणायची. झुंबरबाई म्हणजे गल्लीचं ठाणं. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्या ओट्यावरून पुढे जायचं. छकुली पायरीवर टेकली.  मग सुपाकडे न बघता, लांब रस्त्याकडे बघत, हळूच म्हणाली, "मोठी माय, आता हे ओटे राह्यत नाईत."

सूप थांबलं. तुरीचे दाणे घरंगळत नालीत गेले.

"काऊन व? कोनं सांगतलं?"

पण छकुलीला हात थांबलेला दिसला होता. तिचा आनंद पोटात मावेना. ती उठून पळालीच, कोपऱ्यावरच्या मैत्रिणीला सांगायला. पळता पळता तिनं मागे वळून ओरडून उत्तर दिलं, "आमच्या मॅडमनं!"

मॅडमनं सांगितलं म्हणजे खोटं कसं असेल? शिकलेली बाई. झुंबरबाईनं सूप तसंच ठेवलं आणि समोरच्या ओट्यावर गेली. समोरच्या ओट्यानं शेजारच्याला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत गोष्ट चौकात ज्ञानेश्वरच्या दुकानात पोचली. त्याला एक गिऱ्हाईक म्हणालं, "ओटे तोडून राह्यले म्हने सरकार." ज्ञानेश्वर मोटारीत डोकं घालून बसला होता. तो म्हणाला, "तोडतीन. रोड मोठा करून राह्यले असतीन." झालं. आता मॅडमच्या घरूनही खात्री मिळाली.

सकाळी मॅडम शाळेत निघाल्या तेव्हा गल्ली त्यांना जरा वेगळी वाटली. एका ओट्यावरचं तुळशीचं वृंदावन रात्रीतून आत गेलं होतं. पंजाबराव म्हणून एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांच्या ओट्याच्या दर्शनी भागावर ओल्या निळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'सदर ओटा न्यायप्रविष्ट आहे'. मॅडमना वाटलं भावाभावांचा वाद असेल. त्या तशाच पुढे गेल्या.

इकडे बाया सरपंचांच्या घरी. सरपंच छायाताई तरुण होत्या, वर्षभरापूर्वीच निवडून आलेल्या. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता, पण तसं म्हणायची चोरी. त्यांनी वरच्या कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. "ओटे तोडायचा काही हुकूम निघाला का हो साहेब?"

पलीकडे कुणीतरी कागद चाळले. मग सावध आवाज आला, "आमच्यापर्यंत अजून आलेला नाही."

"अजून!" झुंबरबाई म्हणाली. "अजून म्हंजे येऊन राह्यला!"

मग मात्र कुणी कुणाचं ऐकेना. चला शाळेत, मॅडमलाच विचारू, हुकूम कधीचा, कोणत्या गल्लीपासून सुरू. झुंबरबाई पुढे, तिच्यामागे बाया, बायांमागे पंजाबराव हातात रंगाचा ब्रश तसाच धरून, आणि सगळ्यांच्या मागे छायाताई, पळत.

मॅडम फळ्यावर शब्द लिहून घेत होत्या. ओटे गेले की ओट्याबरोबर कोणते शब्द जातील, असा प्रश्न होता. 'पाखडणे' झालं होतं, 'चकाट्या' झालं होतं. तेवढ्यात व्हरांडा माणसांनी भरला आणि दारात झुंबरबाई उभी राहिली.

"मॅडम, आमचे ओटे कधी तोडून राह्यले थे सांगा. लपवू नका."

मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. पहिल्या बाकावर छकुली डोकं बाकात घालून बसली होती, नुसती वेणी दिसत होती. मॅडमना सगळं एका क्षणात कळलं.  आणि खरं सांगायचं तर भीतीच्या शेजारीच कुठेतरी आनंदाची एक उकळीही फुटली. हात थांबला होता! एका वाक्यानं अख्ख्या गावाचा हात थांबला होता.

"मावशी," त्या म्हणाल्या, "कोणी तोडत नाही हो. ती गोष्ट आहे."

"कोणती गोष्ट?"

"गोष्ट. कथा. मी पोरांना शिकवायला रचलेली. सपाटगाव नावाचं गावच नाही कुठे. खातंही नाही. चुकलं माझं, घरपाठ देताना मी नीट सांगायला हवं होतं."

 पंजाबरावांनी हातातल्या ब्रशकडे पाहिलं आणि तो पाठीमागे लपवला.

"म्हंजे," एक बाई म्हणाली, "सकायपासून आमी बिना च्याच्या फिरून राह्यलो, थे गोष्टीपाई?"

प्रेमानंद सर गर्दीतून वाट काढत आले. झाला प्रकार त्यांनी ऐकून घेतला. त्यांचा चेहरा ताठ झाला. "मॅडम, ही गोष्ट आजपासून बंद. उद्यापासून पाठ्यपुस्तक." मग लोकांकडे वळून म्हणाले, "शाळेच्या वतीनं मी माफी मागतो. आपण आता घरी जा."

मॅडमनी मान खाली घातली. कान तापले होते. नोकरीत त्यांना असं सगळ्यांसमोर कधी कुणी बोललं नव्हतं, आणि सरांचं चुकलं होतं असंही म्हणता येत नव्हतं. बाया वळल्या. चपला शोधण्याची गडबड सुरू झाली. झुंबरबाई मात्र जागची हलली नाही.

"बंद कशी करता, सर?" ती म्हणाली. "ओटे तोडले. मंग लोकायनं काय केलं?"

"कोणत्या लोकांनी?"

"थ्या सपाटगावच्या. बसले का तसेच गप?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. चपला शोधणाऱ्या बायाही थांबल्या. प्रश्न रास्त होता. ओटे तोडून गोष्ट अर्ध्यावर सोडणं म्हणजे लोकांना रस्त्यात सोडणं. सरांनी घड्याळ पाहिलं, मग गर्दी पाहिली. "हा एक तास," ते म्हणाले. "संपला की संपला." आणि स्वतः जायच्या ऐवजी मागच्या बाकावर, राजकुमारच्या गुडघ्यांशेजारी, जागा करून बसले.

बाया दाराशी, खिडकीशी, काही खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. आता मॅडमची पंचाईत झाली. त्यांनी शेवट ठरवला होता तो असा, की लोक हळूहळू ओटे विसरतात, आणि एका मुलाला जमिनीत फरशीचा तुकडा सापडतो पण तो कशाचा ते कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी तो सांगितला. आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला.

"विसरतेत?" झुंबरबाई उसळली. "आमी काय बयाड, येड्या हाओत का? पहिल्याच दिवशी मी खाट टाकीन बाहेर. खाट काई ओटा नाई. सायेब आला का उचलली, सायेब गेला का टाकली."

मॅडमच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी खुर्ची बाजूला केली, पाठ ताठ केली आणि साहेबाच्या गोड आवाजात म्हणाल्या, "आदेश क्रमांक दोन. पाय असलेली कोणतीही वस्तू घराबाहेर ठेवू नये."

"मंग पोतं टाकू!" खिडकीतून आवाज आला. "पोत्याले कुठी पाय हायेत?"

"आदेश क्रमांक तीन. अंथरलेल्या वस्तूवर कर लागेल."

"उभ्या उभ्या बोलू!"

"उभं राहून बोलल्यास रस्त्याला अडथळा समजला जाईल."

"चालत चालत बोलू," पंजाबराव म्हणाले. "मी तीस वर्षं टपाल वाटत चालतच बोललो. पन्नास घरं होती, सगळ्यांशी."

वर्ग डोक्यावर घेतला गेला. मॅडम एकामागून एक हुकूम काढत होत्या, आणि गाव एकामागून एक पळवाट. पोरं फळ्यापाशी उभी राहून शब्द टिपत होती, कारण भांडताना बायांच्या तोंडून जे शब्द येत होते ते गाईडात कुठेच नव्हते. कुणी म्हणालं 'चकल्लस', कुणी 'खुसुरफुसुर'. झुंबरबाईनं साहेबाला 'खवट तोंडाचा' म्हटलं. छकुलीनं बाकातून डोकं वर काढून विचारलं, की साहेब गोड बोलतो तर तोंड खवट कसं, आणि झुंबरबाईनं सांगितलं, "शेंगदाणाबी वरून चांगलाच दिसते, चावल्यावर समजते." ते फळ्यावर गेलं.

त्या हशात एक हात वर होता. बराच वेळ वर होता. पायलचा. पायल नदीकडच्या वस्तीतली, कमी बोलणारी. मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं.

"मॅडम, खात्यानं ओटे तोडलेच नाही तर?" ती म्हणाली. "म्हणजे, आमच्या गल्लीत कोणी तोडले नाहीत. दर वेळी सिमेंटचा रस्ता होतो, तो जुन्या रस्त्यावरच टाकतात. रस्ता वर येतो. मी लहान होते तेव्हा आमच्या ओट्यावर चढायला मला हात द्यावा लागायचा. आता तो रस्त्याच्या खाली आहे. आई त्याच्यावर बसत नाही, कारण गाडी गेली की चिखल अंगावर येतो." ती थांबली. "तसं केलं तर खात्याला हुकूम काढायची गरजच नाही. कोणाला कळणार पण नाही."

 पायलनं आवाज खाली नेला नव्हता, दाराखिडकीकडे पाहिलं नव्हतं. साधंच सांगितलं होतं. आणि तरी मॅडमच्या अंगावर काटा आला. त्यांच्या सपाटीकरण खात्यापेक्षा हे कितीतरी भीतिदायक होतं. एवढ्या वर्षांत आपण त्या गल्लीतून कितीदा गेलो, आणि ओटे कुठे गेले हे आपल्याला दिसलं नाही.

"हाव," पंजाबराव हळूच म्हणाले. "माया घराकडं तसंच झालं. मी समजलो ओटा खचला."

बायांनी माना वळवून छायाताईंकडे पाहिलं. छायाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातात अजून मोबाईल होता. त्या लाल झाल्या, पण पळाल्या नाहीत. "नदीकडच्या गल्लीचा रस्ता यंदा मंजूर आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात व्हायचा आहे."

"वरूनच टाकणार?" मागच्या बाकावरून प्रेमानंद सरांनी विचारलं. सगळे चमकून मागे वळले. सर उभे राहिले होते. "दर खेपेला वीतभर धरा. आणखी दोन रस्ते झाले की पोरीच्या घराचा उंबरठाही जाईल. हे गणित सोपं आहे."

"वरून नाही टाकू देणार," छायाताई म्हणाल्या. "आधी खोदायला लावते."

तास संपल्याची घंटा झाली. सर म्हणाले होते संपला की संपला, पण घंटा त्यांनीच ऐकली नाही.

सरांनी पुन्हा पाठ्यपुस्तकाचं नाव काढलं नाही, आणि त्या आठवड्यात नववीनं आपापला 'बेकार उद्या' लिहून आणला. राजकुमारच्या गोष्टीत सगळ्या गावाच्या डब्यात कायम भेंडी होती. दोन पानांनंतर तो स्वतःच घाबरून थांबला होता. छकुलीनं सपाटगावच्या वस्तूंची नावं इतकी लिहिली, की गोष्टीला जागाच उरली नाही. पायलनं अर्धंच पान लिहिलं. त्यात एक मुलगी रोज शाळेतून येताना आपल्या घरासमोर एक पायरी खाली उतरते आणि एक दिवस तिच्या लक्षात येतं, की पूर्वी आपण चढत होतो. एकाही वहीत नदी झुळझुळत नव्हती. मॅडमनी त्या रात्री जेवणाआधीच सगळे गठ्ठे संपवले आणि ज्ञानेश्वरला दोन गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवल्या. भेंडीची ऐकताना त्याच्या हातातली तार सुटून घरभर उलगडली.

रस्त्याचं काम मेमध्ये निघालं. ठेकेदार नेहमीप्रमाणे खडी घेऊन आला आणि वरूनच पसरायला लागला. छायाताई खडीच्या ढिगावर उभ्या राहिल्या. तो म्हणाला, खोदाई कागदात नाही. त्या म्हणाल्या, मग कागद बदलून आणा. चार दिवस काम अडलं. गल्लीतल्या लोकांनीच त्यांना दोष दिला, की आलेला रस्ताही घालवते ही बाई. शेवटी कागद बदलला आणि खोदायचं यंत्र आलं. जुन्या रस्त्याचे थर निघाले. एकाखाली एक सिमेंटचे थर, आणि मधल्या एका थरात कुणाचीतरी चप्पल घट्ट बसलेली. खाली खाली जात गल्ली उघडी झाली, आणि दोन्ही बाजूंनी ओटे वर आले. काही फुटके, काही वाकडे. पंजाबरावांच्या गल्लीचा नंबर यंदा लागला नाही. त्यांनी निळ्या अक्षरांखाली नवीन ओळ लिहिली, 'खोदाईच्या प्रतीक्षेत'.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडम एकदा मुद्दाम त्या गल्लीतून गेल्या. पायलच्या आईनं, जनकाबाईनं, हाक मारून बसवून घेतलं. ओटा धुतलेला, पण कडा अजून खरबरीत. शेजारच्या दोघी आधीच येऊन बसलेल्या. एकीच्या मांडीवर लेकरू, दुसरीच्या पुढ्यात लसणाची पाटी. मॅडमना सरकून जागा करून दिली. पायलनं आतून चहा आणला.

"बरं वाटते ना आता?" मॅडमनी विचारलं.

"काय बरं वाटते, मॅडम!" जनकाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "पह्यले कोनी येत नव्हतं. सगळं काम अकरा वाजता आटपून बसत होती मी. आता सकाळपासून इथून कोनी उठतच नाई. भाकरी करायची राह्यली माही."

"मग ऊठ ना व," लसूणवाली म्हणाली.

"उठते," जनकाबाई म्हणाली, आणि दुसरा लसणाचा गड्डा उचलून सोलायला लागली.